ओठांचं मेण

दौलत मास्तर माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत, ओठांकडे बघून बोलत. सुरुवातीला मला ते भलतंच वाटलं. नवं लग्न, नवं गाव, आणि समोरच्या खोलीत एकटा राहणारा, मिशी सफाचट केलेला हा पन्नाशीचा माणूस नळावर उभा राहून माझ्या तोंडाकडे टक लावून बघतो म्हणजे काय? मी अर्धीच बादली घेऊन घरात आले आणि यांना म्हटलं, "खोली बदला." हे हसायला लागले. "अगं, बँडमास्तर आहेत ते. क्लॅरिनेट वाजवतात. धंद्याची सवय असेल."

धंद्याचीच सवय होती. दुसऱ्या दिवशी नळावर पुन्हा गाठ पडली तेव्हा मास्तर म्हणाले, "वैनी, ओठ फाटले तुमचे. साय लावून राह्यल्या असान. साय नोका लावू. वाळली का अजून फाडते."

मी खरंच साय लावत होते. मी चिपळूणची, दमट हवेत वाढलेली. ओठ फुटणं म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. छप्पन साली राज्यांची उलथापालथ झाली, हा भाग मुंबई राज्यात आला, आणि पुढच्याच वर्षी यांची कचेरीतल्या कारकुनीवर यवतमाळला बदली झाली. कापूस बाजाराच्या मागे टिनाच्या छपराच्या सहा खोल्या होत्या, त्यातली एक आम्हाला मिळाली. हवा अशी कोरडी की वाळत घातलेलं धोतर तासाभरात कडक व्हायचं. पहिल्या हिवाळ्यात हसले तरी ओठांतून रक्त यायचं. हसण्याचे प्रसंग फारसे नव्हते म्हणून निभावलं. हे दिवसभर कचेरीत, आणि मी त्या खोलीत. भिंतीशी बोलायचं काय ते बाकी होतं.

संध्याकाळी मास्तरांनी ओट्यावर एक चपटी डबी आणून ठेवली. आत पिवळसर मेण. "करंगळीजवळच्या बोटानं लावजा," ते म्हणाले. "त्या बोटाले जोर नसते. ओठाले जोर सहन होत नाही." तीन दिवसांत ओठ भरून आले. चौथ्या दिवशी मी यांना म्हटलं, "खोली राहू द्या."

त्यानंतर सहा वर्षं मी त्यांची शेजारीण होते, आणि दर हिवाळ्यात ते मेण होताना पाहिलं.

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांच्या तारखा निघत, आणि मास्तरांची शेगडी ओट्यावर येई. पांढरकवड्याकडच्या रानातून एक कोलाम आदिवासी बाजाराला यायचा, मधाच्या पोळ्याचं मेण घेऊन. मास्तर त्याच्याशी भाव करत नसत. मेणाचा तुकडा हुंगत, दाताखाली धरत, डोळे मिटून चावत, आणि मग एकतर मान हलवत नाहीतर तुकडा परत देत. घरी आणलं की उकळत्या पाण्यात टाकून फडक्यातून गाळायचं, थंड झालं की वर आलेली चकती उचलून घ्यायची. मग तीळतेल, आणि धुतलेलं तूप. तूप मी द्यायची. तांब्याच्या परातीत ते तूप घेऊन मास्तर तळहाताने फेटत, पाणी घालत, पाणी ओतून देत, पुन्हा फेटत. असं शंभर वेळा. मोजायचे नाहीत, एक चाल गुणगुणायचे. ती चाल अमुक इतक्यांदा झाली की शंभर पाणी झालं, असा त्यांचा हिशेब होता. शेवटी ते तूप पांढरं, फुगलेलं, लोण्यासारखं व्हायचं आणि त्याला तुपाचा वाससुद्धा उरायचा नाही.

माप मात्र गमतीचं होतं. कार्नेट या पितळी वाद्याचं तोंड सुटं निघतं, छोट्या वाटीसारखं असतं. तसलं एक जुनं तोंड, खालचं भोक मेणाने बुजवलेलं, हे त्यांचं माप. "हिवाळ्यात एक मेन, चार तेल. उन्हाळ्यात एक मेन, दोन तेल. हे चुकलं का सगळं चुकलं," ते म्हणायचे, आणि हे म्हणताना ओठांकडे नाही, कुठेच बघायचे नाहीत.

गल्लीतल्या बायका यायच्या. "मास्तर, थोडा रंग टाका न याच्यात, रतनज्योतीचा." मास्तर हात जोडायचे. "हे मेन हाय बाई, लाली नाही. लालीसाठी बाजारात जा." पण डबी मात्र प्रत्येकीला मिळायची. लग्नात वाजवायला गेले आणि नवरदेवाचे ओठ फुटलेले दिसले, तर त्यालाही मिळायची. एकदा बाभुळगावला एका नवरदेवाने पंगतीत सगळ्यांसमोर ती डबी उघडून हुंगली आणि खाण्याची वस्तू समजून चाटली. मास्तर ही गोष्ट सांगताना पोट धरून हसायचे. एवढं हसताना मी त्यांना दुसऱ्या कशावरही पाहिलेलं नाही.

माझी तुपाची वाटी त्यांनी कधी रिकामी परत केली नाही. कधी मूठभर बोरं, कधी गुळाचा खडा, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. मी म्हटलं, "मास्तर, असं काय परक्यासारखं?" तर म्हणाले, "मायनं शिकवलं. भांडं रितं परतवलं का समजाचं, आता येनं-जानं खतम. माय गेल्यावर मीच किसनले शिकवलं थे."

किसन हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

त्याआधीपासून एक गोष्ट मला कोड्यात टाकत होती. दुपारी मास्तर खोलीत क्लॅरिनेट वाजवत. हात चांगला, दम चांगला, पण वाजवता वाजवता मध्येच थांबत. दहा-बारा मात्रा गप्प, मग पुन्हा सुरू. मला वाटायचं, चाल विसरतात. पुढे एकदा मी नको तेवढी शहाणी होऊन म्हणाले, "म्हातारपण आलं वाटतं, मास्तर. मधला तुकडा आठवत नाही का?"

"आठवते न. थो तुकडा कार्नेटचा हाय," ते म्हणाले. "किसनचा."

"मग तुम्हीच वाजवा की तोही."

"दुसऱ्याची जागा कशी वाजवू, वैनी?"

किसन त्यांचा धाकटा भाऊ, पंधरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर मास्तरांनीच वाढवला, शिकवला, हातात कार्नेट दिलं. मास्तरांनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघा भावांचा बँड आर्णीपासून वणीपर्यंत लग्नांना जायचा. आम्ही आलो त्याच्या दोन वर्षं आधी किसन निघून गेला होता, आणि बँडची रया गेली होती. उरलेल्या चारपाच जणांना घेऊन मास्तर बारशा-मुंजींना वाजवत.

काय झालं ते मला तिसऱ्या हिवाळ्यात कळलं. तूप धुताना, परातीकडे बघत, मास्तरांनीच सांगितलं.

वणीला एका कापूस दलालाच्या घरचं लग्न होतं. वैशाखातली भर दुपार. मांडवाच्या दारात कार्नेटची खास जागा यायची, लोक त्यासाठीच थांबलेले. किसनने कार्नेट ओठाला लावलं आणि सूर निघेचना. ओठ घसरले. फुस्स असा आवाज आला. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. वऱ्हाडी हसले. कुणीतरी तोंडाने तसाच आवाज काढून दाखवला. मास्तर पुढे झाले, भावाच्या हातातून कार्नेट ओढून घेतलं, आणि सगळ्या मांडवासमोर म्हणाले, "तुह्या हातचं नाही हे. जाय, बैलाच्या मांगं जाय." किसन मांडवातून निघाला तो परस्पर गेला. घरी कपडे घ्यायलासुद्धा आला नाही. पुढे कळलं की अमरावतीच्या एका बँडमध्ये लागलाय.

"संध्याकाळी मी कार्नेट पुसाले घेतलं," मास्तर म्हणाले, "तं हात तेलकट झाले. मंग आठवलं. मोठं लगन हाय म्हनून नवं मेन केलं होतं, नवी डबी त्याले देल्ली होती. मी जुनीच लावली. घरी येऊन भांडं पाह्यलं, तं उरलेलं मेन पान्यासारखं वाहून राह्यलं होतं."

"म्हणजे?"

"हिवाळ्याचं माप घातलं मी, वैशाखात. वाजवाच्या आधी पुसाचं, वाजवल्यावर लावाचं, हे मीच शिकवलं. त्यानं पुसलं होतं, वैनी. मी पाह्यलं होतं पुसताना. पन पुसल्या जाईन कसं? कातडीत मुरलं होतं थे. चूक त्याची नव्हती. माह्या मेनाची होती."

एवढं बोलून ते पुन्हा तूप फेटायला लागले. त्या दिवशी शंभराच्या वर किती पाणी झालं देव जाणे. चाल गुणगुणायचीच राहिली होती.

किसन गेल्यापासून दर हिवाळ्यात ते दोन डब्या बाजूला ठेवत. एक स्वतःची आणि एक किसनची. अमरावतीकडे जाणारा कुणी वाजवणारा भेटला की त्याच्या हाती डबी जायची. सोबत निरोप नाही. तिकडूनही कधी काही आलं नाही, हो नाही की नाही नाही. डबी त्याच्या हातात पडते की वाटेतच कुणी लावून टाकतं, हेही मास्तरांना ठाऊक नव्हतं. तरी पुढच्या वर्षी पुन्हा डबी. मला राग यायचा. तोंड आहे ना माणसाला? सांगून मोकळं व्हावं.

एकदा न राहवून मी पोस्टकार्ड घेऊन त्यांच्या ओट्यावर बसले. "सांगा, मी लिहिते." मास्तर अक्षरशत्रू. बराच वेळ सांगत होते, यंदा थंडी बरी आहे, तीळ चांगला आला, ढोलवाल्या गणपाची मुलगी उजवली. कार्ड भरत आलं. मी म्हटलं, "आता मुद्द्याचं."

मास्तरांनी ओठ चाटले, जे ते कधी करत नसत. "लिहा. त्या दिवशी मेन पातळ झालतं." मी लिहिलं. त्यांनी हात पुढे केला. "खोडा थे."

"का?"

"किसनले वाचता येत नाही. दुसरं कोनी वाचून दाखवन, बँडवाले सारे ऐकतीन. माह्या भावाची माफी मांगाची, थे असं लोकाच्या तोंडून?"

"अपमान चारचौघांतच केला होतात ना?" मी म्हणाले. "मग चूक कबूल करायला चारचौघं का नकोत?"

माझी जीभ तेव्हा अशीच होती. मास्तर कार्ड घेऊन आत गेले. ते त्यांनी टाकलं नाही, मला पुढे कितीतरी दिवस ते त्यांच्या फळीवर दिसायचं.

त्रेसष्ट सालच्या वैशाखात आमच्या रस्त्याने एक वरात आली. गोरज मुहूर्ताचं लग्न, पाचाचा सुमार, उन्हं अजून टिनावर होती. बँड बाहेरगावचा, लाल कोटवाला. मी ओट्यावर तुरीची डाळ निवडत होते. कार्नेटचा सूर कानावर आला आणि समोरचं दार उघडलं. मास्तर बाहेर आले, डोक्यावर टोपी नाही, अर्ध्या गालाला साबणाचा फेस. त्यांनी एकदाच ऐकलं आणि मला म्हणाले, "किसन हाय."

रस्त्यात गर्दी. घोड्यावर नवरदेव, पुढे बँड. कार्नेटवाला उंच, सावळा, गाल फुगलेले, नजर समोर. मास्तर गर्दीत घुसले आणि त्याच्या बाजूने चालायला लागले. त्याने पाहिलं असावं. मला खात्री नाही, कारण मान वळली नाही. मास्तर चालता चालता त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते. त्यांचे ओठ मला दिसत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता. ढोल कानठळ्या बसवत होता. आठ वर्षं मनात धरलेलं त्यांनी त्या ढोलात, भर रस्त्यात, शंभर माणसांमध्ये सांगितलं, आणि ज्याला सांगितलं त्याच्या तोंडात वाद्य होतं. तो उत्तर देणार कसं? वरात कोपऱ्यावर वळली, चाल न तुटता पुढे गेली. मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. गालावरचा फेस वाळला होता.

परत आले ते माझ्या ओट्यापाशी थांबले. "वैनी, ऐकलं असन का त्यानं?"

"ऐकलं असणार," मी म्हणाले. मला काय माहीत होतं? पण दुसरं काही बोलवेना.

"थांबला नाही," मास्तर म्हणाले. "थांबाचंच नसते. चालू वरातीत सूर तोडाचा नाही, मीच शिकवलं. थांबला असता तं मी रागावलो असतो." आणि ते घरात गेले. मला रडू आलं, ते डाळीत पडू नये म्हणून मी सूप बाजूला केलं.

त्या रात्री तो येईल असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी ओटा झाडला, पाणी मारलं, चटई टाकली. सकाळी माझ्याकडे आले ते दोन माणसांचं वरण आणि भाकरी घेऊन. "जास्तीचं झालं," म्हणाले. वाढून ठेवलेल्या ताटाची भाकरी कडक झाली होती.

थोड्या वेळाने त्या लाल कोटवाल्या बँडचा ढोलवाला आला. घाईत होता, त्यांची मोटार लागली होती. मास्तरांच्या हातात एक डबी ठेवून म्हणाला, "किसनभाऊनं देल्ली," आणि गेला. डबी मास्तरांचीच होती, चपटी, झाकणाला पोचा आलेली. त्यांनी ती तळहातावर तोलली. मग दुसऱ्या तळहातावर.

"रिती हाय," ते म्हणाले.

"उघडून तर बघा."

"कायले? वजन कळते न मले." त्यांनी ती फळीवर, त्या पोस्टकार्डाशेजारी ठेवली. "समजलं."

त्या दिवसापासून दुपारचं क्लॅरिनेट बंद झालं. वाद्य पुसून ठेवायचे, रोज, पण ओठाला लावायचे नाहीत. पावसाळा गेला. ओठांकडे बघायची सवयही कमी झाली. बोलताना ते जमिनीकडे बघत. खरं तर बोलणंच कमी झालं. मी सहा वर्षं त्या गावात एकटेपणाची तक्रार करत होते. त्या पावसाळ्यात समोरच्या खोलीकडे बघितल्यावर माझी तक्रार करण्याची सोय राहिली नाही.

कार्तिकात यांची बदली झाली, पुन्हा आमच्या मुलखाकडे. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. निघायच्या दिवशी सकाळी मास्तरांची शेगडी ओट्यावर होती. तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं. मी शेवटचं तूप नेऊन दिलं होतं. मेण तयार होतं, आणि चटईवर एकच डबी भरून ठेवलेली होती. दरवर्षी दोन असायच्या.

माझ्याकडे बघून मास्तर उठले. "तुमच्यासाठी भरतो न वैनी. तिकडं लागत नसन, पन असू द्या." आत जाऊन त्यांनी फळीवरून ती पोचा आलेली डबी आणली आणि माझ्या हातात दिली. "इतली साफ करून द्या, हात मेनाचे हायेत माहे. रितीच हाय."

झाकण घट्ट बसलं होतं. मी नखाने उचकटलं, नख मोडलं. शेवटी उलथण्याच्या टोकाने निघालं. डबी आतून लख्ख होती, पुसून घासून ठेवलेली. मेणाचा ठिपकासुद्धा उरला नव्हता, सगळं लावून संपवलेलं. आणि तळाला पांढरा पापुद्रा होता. पावसाळ्याच्या दमटीने घट्ट बसलेला. मी बोटाने खरवडला, जिभेला लावला.

"मास्तर," मी म्हणाले, "साखर आहे."

त्यांना कळलं नाही. मी डबी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तळाशी करंगळीजवळचं बोट फिरवलं, त्या जोर नसलेल्या बोटाने, आणि बराच वेळ ते बोट तसंच हवेत धरून बसले. मग ओठांना लावलं.

"सहा महिने झाले, वैनी," ते म्हणाले. "थो तिकडं वाट पाहून राह्यला असन."

बाहेर टांगा आला होता. हे घाई करत होते, ट्रंका चढवून झाल्या होत्या. मी मास्तरांना नमस्कार केला. त्यांचं लक्ष नव्हतं. आशीर्वादाच्या जागी म्हणाले, "उन्हात सामान ठेवू नोका." टांगा हलला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मास्तर शेगडीवर वाकले होते. भरून ठेवलेल्या एकुलत्या एका डबीतलं मेण त्यांनी पुन्हा भांड्यात वितळायला टाकलं होतं, आणि समोर दोन डब्या, झाकणं काढून, शेजारी शेजारी मांडल्या होत्या. माझ्यासाठी भरायची राहिली ती राहिलीच.